दातांची शुभ्रता : उपचार, दुष्परिणाम आणि दक्षता

दात शुभ्र असावेत, ही माणसाची हौस फार जुनी आहे. कुंदकळ्यांची आणि मोत्यांची उपमा आपल्याकडे दातांना पूर्वापार दिली जाते. राखुंडी, मीठ, कोळशाची पूड किंवा बाभळीची काडी यांनी दात घासण्याची रीतही तितकीच परिचित आहे. अलीकडच्या काळात या हौसेला एक नवे साधन लाभले आहे. दंतवैद्याच्या खुर्चीवर तासा-दीड तासात दातांचा रंग उजळून देणारे रासायनिक उपचार आता मोठ्या शहरांपुरते मर्यादित राहिलेले नाहीत; लहान शहरांतूनही त्यांचे फलक दिसू लागले आहेत. लग्न ठरलेली मुले-मुली, नोकरीच्या मुलाखतीला जाणारे तरुण, सतत लोकांसमोर वावरावे लागणारे कर्मचारी अशा अनेकांना या उपचारांचे आकर्षण वाटते.

योग्य कारणासाठी आणि जाणकार हातांनी झाले, तर हे उपचार बहुतांशी सुरक्षित असतात. तथापि त्यांचे काही दुष्परिणाम ठरलेले आहेत, तर काही धोके विरळ असले तरी गंभीर आहेत. यांपैकी बऱ्याच धोक्यांचे मूळ एका उतावीळपणात असते. दाताचा रंग कशामुळे बदलला याचा शोध न घेता तो रंग घालविण्याची घाई केली जाते, हाच तो उतावीळपणा होय. गावातील पालक आणि तरुण ज्यांच्याकडे सल्ल्यासाठी येतात त्या शिक्षकांना, पंचायत सदस्यांना व कर्मचाऱ्यांना या विषयाची मूलभूत माहिती असणे त्यामुळे उपयुक्त ठरेल.

दाताचा नैसर्गिक रंग

दाताचे बाह्य कवच म्हणजे दंतवल्क. त्यालाच एनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. हे कवच काहीसे पारभासक असते. त्याच्याखाली डेंटिन नावाचा पिवळसर थर असतो आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गर असतो. वरच्या कवचातून आतला पिवळसर थर कमी-अधिक प्रमाणात दिसतो. म्हणूनच निरोगी दाताचा रंग कागदासारखा पांढरा नसून किंचित पिवळट असतो. वय वाढते तसे कवच झिजते, आतील थर जाड होतो आणि दात अधिक पिवळे दिसू लागतात. सुळ्यांचा रंग पटाशीच्या दातांपेक्षा गडद असणे, हेही स्वाभाविक आहे.

सारांश, पिवळसरपणा हा स्वतः रोग नव्हे आणि शुभ्रता ही आरोग्याची खूण नव्हे. पांढऱ्या दिसणाऱ्या दातालाही आतून कीड लागलेली असू शकते, तर पिवळट दात ऐंशी वर्षे भक्कम राहू शकतो.

दातांवरील डागांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. चहा, तंबाखू, पान, सुपारी यांचे डाग आणि दातांवर साचणारे कीटण हे बाहेरून बसलेले असतात. दंतवैद्याने दात स्वच्छ करून दिले की त्यांतील बराचसा भाग निघून जातो. त्यासाठी विरंजनाची गरज नसते. दुसऱ्या प्रकारचे डाग दाताच्या आतच असतात. दात घडत असताना काही औषधांचा वा फ्लोराइडचा झालेला परिणाम, मार लागून निर्जीव झालेला दात, वाढते वय ही त्यांची काही कारणे होत. रासायनिक विरंजनाचा विचार मुख्यतः अशा आतल्या रंगासाठी होतो.

विरंजनाचे कार्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य दंतवैद्यांनी ऑक्झॅलिक आम्ल, क्लोरीनयुक्त द्रव्ये आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे प्रयोग दातांवर केले. त्यांपैकी हायड्रोजन पेरॉक्साइड आजही वापरात आहे. या द्रव्याचे रेणू अतिशय लहान असल्याने ते दंतवल्कातून आत झिरपतात आणि रंग निर्माण करणाऱ्या मोठ्या रेणूंचे ऑक्सिडीकरण करून ते तोडतात. रंगीत द्रव्य मोडले की दात उजळ दिसू लागतो.

दवाखान्यात होणाऱ्या उपचारात सामान्यतः २५ ते ४० टक्के तीव्रतेचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले जाते. दुसऱ्या पद्धतीत दंतवैद्य रुग्णाच्या दातांच्या मापाचे पातळ साचे तयार करून देतो. त्यांत कार्बामाइड पेरॉक्साइडचा सौम्य लेप भरून रुग्णाने ते घरी, बहुधा रात्री, काही आठवडे वापरावयाचे असतात. १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडपासून सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते. ही पद्धत १९८९ मध्ये अमेरिकेतील हेवूड व हेमन या दंतवैद्यांनी शास्त्रीय नियतकालिकातून मांडली आणि त्यानंतर तिचा प्रसार झाला. ती सावकाश चालते. परंतु द्रव्याची तीव्रता कमी असल्याने त्रासही तुलनेने कमी होतो.

दातांतून जाणारी कळ

विरंजनानंतरचा सर्वांत अधिक आढळणारा दुष्परिणाम म्हणजे दातांची वाढलेली संवेदनशीलता. थंड पाणी, गरम चहा, क्वचित नुसती हवा लागली तरी दातांतून तीव्र कळ जाते. याचे कारण उपचाराच्या स्वरूपातच आहे. जे रेणू रंगापर्यंत पोहोचतात, ते तेथेच थांबत नाहीत. काही मिनिटांत ते डेंटिनच्या सूक्ष्म नलिकांतून आतील गरापर्यंत जातात व तेथे तात्पुरता दाह निर्माण करतात. बहुसंख्य रुग्णांत ही कळ काही दिवसांत आपोआप थांबते.

तथापि सर्वांची स्थिती सारखी नसते. दाताला तडा गेला असेल, कीड खोलवर गेली असेल, हिरड्या खाली सरकून मुळे उघडी पडली असतील, तर द्रव्याला आत जाण्यास सोपी वाट मिळते आणि त्रास वाढतो. लहान वयात दातातील गर आकाराने मोठा व पृष्ठभागाच्या अधिक जवळ असतो, म्हणून किशोरवयीन मुलांच्या बाबतीत विशेष सावधगिरी आवश्यक ठरते. संवेदनशीलता कमी करण्यासाठी पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट उपचारापूर्वी काही दिवस वापरणे, लेपाची तीव्रता वा कालावधी कमी करणे, दोन वेळांमधील अंतर वाढविणे असे उपाय दंतवैद्य योजतात.

हिरड्या आणि तोंडाचा अंतर्भाग

तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड त्वचेला व तोंडातील नाजूक आवरणाला भाजते. हिरडीला त्याचा स्पर्श झाला की ती जागा पांढरी पडते, चुरचुरते, कधी सोलवटते. थोडक्यात आटोपले तर ही जखम काही दिवसांत भरून येते. द्रव्य अधिक काळ राहिले तर जखम मोठी होते. यासाठी उपचारापूर्वी हिरड्यांच्या कडेने संरक्षक लेप लावून तो घट्ट करणे, ओठ व गाल दूर धरणे आणि रुग्णाच्या डोळ्यांवर चष्मा घालणे ही दक्षता घ्यावी लागते. घरी वापरावयाचे साचे मापाचे नसतील, तर लेप बाहेर ओघळतो, हिरड्यांना लागतो आणि काही अंशी गिळलाही जातो. सर्वांना एकाच आकाराचे, घरपोच मिळणारे संच या कारणाने निर्धोक मानता येत नाहीत.

प्रकाशाचे आकर्षण

दवाखान्यांच्या जाहिरातींत निळसर प्रकाशझोताचे छायाचित्र हमखास असते. प्रत्यक्षात काम करते ते रासायनिक द्रव्य. प्रकाशामुळे अंतिम परिणामात फारसा फरक पडत नाही, असे अनेक तुलनात्मक अभ्यासांतून दिसून आले आहे. उलट ज्या दिव्यांतून उष्णता निर्माण होते त्यांच्यामुळे दातातील गर तापण्याचा धोका असतो. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माकडांवरील एका प्रयोगात गराचे तापमान सुमारे ५.५ अंश सेल्सियसने वाढविले असता १५ टक्के दातांतील गर पूर्ववत झाला नाही. हे प्रमाण माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नसले, तरी दंतशास्त्रात तो आकडा आजही सावधगिरीची मर्यादा म्हणून मानला जातो.

खुर्चीवरून उठताना आरशात दिसणारी शुभ्रताही काही अंशी फसवी असते. उपचाराच्या वेळी दात कोरडे पडतात आणि कोरडा दात नेहमी अधिक पांढरा दिसतो. दोन-चार दिवसांत लाळेने तो पुन्हा ओलावला की खरा रंग कळतो. पुढे काही महिन्यांत वा वर्षांत पिवळसरपणा थोडा थोडा परत येतो. तेव्हा हा कायमस्वरूपी उपाय आहे, असा समज करून घेणे योग्य नव्हे. वारंवार विरंजन करून घेण्याची सवय लागली, तर दातांच्या कडा निस्तेज व करड्या दिसू लागण्याची आणि संवेदनशीलता मागे लागण्याची शक्यता असते.

भरलेले दात व टोप्या

दातात भरलेले दाताच्या रंगाचे द्रव्य, बसविलेल्या टोप्या आणि कृत्रिम दात यांचा रंग विरंजनाने उजळत नाही. समोरच्या चार दातांपैकी एकावर टोपी असेल आणि उरलेले तीन पांढरे झाले, तर टोपी पूर्वीपेक्षा अधिक उठून दिसते. मग ती बदलण्याचा खर्च येतो. दुसरी गोष्ट अशी की, विरंजनानंतर दातात काही काळ ऑक्सिजन शिल्लक राहतो व त्यामुळे नवे भरण दाताला नीट चिकटत नाही. यासाठी साधारणतः दोन आठवडे थांबून मगच असे काम करण्याचा प्रघात आहे.

एकच काळा पडलेला दात

खेळताना पडून वा मार लागून समोरचा एकच दात काळवंडलेला अनेक शाळकरी मुलांत पाहावयास मिळतो. बाहेरून लेप लावून तो नीट उजळत नाही, कारण आतला गर बहुधा मेलेला असतो आणि मुळाशी जंतुसंसर्गही असू शकतो. अशा दाताची क्ष-किरण तपासणी करून गरज असल्यास मूळनलिकेचा उपचार, म्हणजे रूट कॅनाल, आधी करावा लागतो. त्यानंतर दाताच्या आतच विरंजक द्रव्य ठेवून रंग उजळविता येतो.

या पद्धतीचा एक गंभीर धोका नोंदविला गेला आहे. काही रुग्णांत पुढे हिरडीजवळ दाताचे मूळ बाहेरून झिजू लागते. १९७९ मध्ये या प्रकाराकडे दंतवैद्यकाचे लक्ष वेधले गेले. तीव्र पेरॉक्साइड व उष्णता यांचा एकत्रित वापर आणि पूर्वी लागलेला मार, या परिस्थितीत हा धोका वाढतो. झीज सुरू झाल्याचे रुग्णाला प्रारंभी जाणवत नाही आणि लक्षात येईपर्यंत दात गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून मुळाच्या तोंडाशी संरक्षक थर घालणे, सौम्य द्रव्य वापरणे आणि नंतरची काही वर्षे अधूनमधून क्ष-किरण तपासणी करणे अगत्याचे ठरते.

डाग काय सांगतो?

दातावरील डाग ही कित्येकदा शरीराने वा परिसराने दिलेली सूचना असते. ती समजून न घेता पुसून टाकली, तर मूळ दुखणे तसेच राहते.

मशेरी आणि तंबाखू यांचे उदाहरण घेऊ. तंबाखू भाजून केलेली मशेरी दातांना लावण्याची सवय महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांमध्ये, दीर्घकाळ चालत आली आहे. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखूचा वापर करण्यास भारत सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, तरी ही सवय पुरती सुटलेली नाही. अशा व्यक्तीचे दात पांढरे करून दिले आणि सवय तशीच राहिली, तर डाग पुन्हा बसतातच. त्याहून चिंतेची गोष्ट म्हणजे तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे ही कर्करोगाची वा त्याच्या पूर्वावस्थेची लक्षणे तपासली न जाता राहून जातात.

दुसरे उदाहरण फ्लोराइडचे. दात घडण्याच्या काळात, म्हणजे साधारणपणे वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, पिण्याच्या पाण्यातून फ्लोराइड अधिक प्रमाणात पोटात गेले, तर दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे, पिवळे वा तपकिरी डाग उमटतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. अन्य पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात हे प्रमाण अधिक आढळले आहे. अशा दातांवर विरंजन केल्यास तपकिरी छटा फिकी होऊ शकते. मात्र पांढरे पट्टे प्रारंभी अधिकच ठळक दिसण्याचा संभव असतो.

येथे एका व्यक्तीचा प्रश्न साऱ्या गावाचा होतो. एकाच वर्गातील अनेक मुलांच्या दातांवर सारखे डाग दिसत असतील, तर त्या मुलांना अस्वच्छतेबद्दल बोल लावण्यापूर्वी ती कोणत्या विहिरीचे किंवा विंधनविहिरीचे पाणी पितात, हे पाहणे शिक्षकाचे कर्तव्य ठरते. दातांवरील डाग ही पहिली दृश्य खूण असते. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात जात राहिले, तर हाडे व सांधेही जखडतात आणि ते व्यंग भरून येत नाही. केंद्र शासनाने २००८-०९ मध्ये फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो याच कारणाने. ग्रामपंचायतीने पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घेणे आणि स्रोत सदोष आढळल्यास पिण्यासाठी पर्यायी पाणी मिळवून देणे, हा या डागांवरील खरा उपाय होय. पाणी उकळल्याने फ्लोराइड कमी होत नाही, हेही लोकांना समजावून सांगितले पाहिजे.

तिसरे उदाहरण औषधाचे. टेट्रासायक्लीन गटातील प्रतिजैविके गर्भारपणात वा बालपणी दिली गेल्यास दातांत करडे, निळसर वा तपकिरी पट्टे कायमचे बसू शकतात. या डागांना विरंजन दाद देते ते फार सावकाश. त्यासाठी कित्येक महिने लागतात आणि पूर्ण यशाची खात्री नसते. एका तासात असे डाग घालविण्याचे आश्वासन देणाऱ्याविषयी शंका घेणेच शहाणपणाचे.

कायद्याची बाजू

भारतात दंतवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत व्यक्तीनेच करावा, हे तत्त्व दंतवैद्य अधिनियम, १९४८ ने प्रस्थापित केले. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय दंत आयोग अधिनियमातही नोंदणीचे तत्त्व कायम आहे. केशकर्तनालयात, सौंदर्यप्रसाधन केंद्रात वा जत्रेतील दुकानात दातांवर तीव्र रसायने लावणारी व्यक्ती दाताची कीड ओळखू शकत नाही, क्ष-किरण तपासणी करू शकत नाही आणि काही बिघडल्यास उपचारही करू शकत नाही.

इतर देशांनीही या बाबतीत कडक धोरण स्वीकारले आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार ०.१ टक्क्यापेक्षा अधिक व ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली विरंजक उत्पादने दंतवैद्यांनाच विकता येतात. प्रत्येक उपचारमालिकेचा पहिला वापर दंतवैद्याच्या हातून वा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावा लागतो आणि १८ वर्षांखालील व्यक्तींसाठी ती वापरता येत नाहीत. दातांचे विरंजन हा दंतवैद्यकाचाच भाग आहे, असा निर्वाळा इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

उपचारापूर्वी

दात पांढरे करून घेण्याची इच्छा असणे यात गैर काही नाही. मात्र तो निर्णय घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात. उपचार करणारी व्यक्ती नोंदणीकृत दंतवैद्य आहे काय? तिने दात, हिरड्या व तोंडाचा अंतर्भाग तपासला काय? रंग बदलण्याचे कारण सांगितले काय? कीड व हिरड्यांचे विकार यांवर आधी उपचार झाले काय? कोणते द्रव्य, किती तीव्रतेचे व किती वेळ वापरणार, हे समजावून दिले काय? उपचारापूर्वीची छटा रंगपट्टीशी ताडून नोंदविली काय? गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांनी असा उपचार पुढे ढकलणे श्रेयस्कर, कारण तो तातडीचा नसतो.

घरगुती उपायांबाबतही तितकीच दक्षता हवी. लिंबाचा रस दातांना चोळल्याने दंतवल्कातील खनिजे विरघळतात. कोळसा, विटकरीची भुकटी किंवा जाडे मीठ यांनी ते घासले जाते. प्रथम दात स्वच्छ वाटतात. पण कवच झिजले की आतला पिवळा थर अधिकच दिसू लागतो. एकदा झिजलेले दंतवल्क शरीर पुन्हा तयार करीत नाही.

ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नाही, त्यांनी तपासणीसाठी जवळच्या शासकीय रुग्णालयातील दंत विभागाकडे जावे. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये व रुग्णालये आहेत. शाळेतील आरोग्य तपासणीच्या वेळी दातांची नोंद काळजीपूर्वक व्हावी, याकडे मुख्याध्यापकांनी लक्ष द्यावे. एकाच वस्तीतील मुलांच्या दातांवर सारखे डाग आढळल्यास ती बाब ग्रामसभेपुढे यावी.

दिवसातून दोन वेळा फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासणे (फ्लोराइडग्रस्त गावांत लहान मुलांसाठी ती वापरावी की नाही, हे दंतवैद्याला विचारून ठरवावे), गोड पदार्थ सतत न चघळणे, तंबाखू व मशेरी वर्ज्य करणे आणि वर्षातून एकदा दात तपासून घेणे, एवढे पथ्य पाळले तर दात आपल्या नैसर्गिक रंगात दीर्घकाळ टिकतात. त्यानंतरही कोणाला ते अधिक उजळ हवे असतील, तर त्याने जरूर उपचार घ्यावेत. परंतु आधी डागाचे कारण विचारावे आणि मगच रंगाचा विचार करावा.